सीटमागचं इंजिन

जुनी मिड-इंजिन स्पोर्ट्स कार इतकी स्वस्त का मिळते, याचं उत्तर तिच्या रचनेतच आहे. इंजिन ड्रायव्हरच्या पाठीशी आणि मागच्या चाकांच्या पुढे असं कोंबून बसवलेलं असतं. बॉनेट उघडलं तर स्टेपनी दिसते. इंजिन बघायचं तर कुठे छोटंसं झाकण, कुठे सीटमागचा पत्रा, नाहीतर थेट गाडीखाली झोपणं. साहजिकच कुणी बघत नाही. पहिला मालक कंपनीत नेऊन सर्व्हिसिंग करून घेतो, दुसरा ओळखीच्या गॅरेजात, आणि तिसऱ्या-चौथ्याच्या हाती गाडी जाते तोवर तिची किंमत एवढी उतरलेली असते की हजार पौंडांचं काम काढणं त्याच्या जिवावर येतं. मग तो ती विकायला काढतो. आपण जाहिरात वाचतो ती नेमकी तेव्हा.

मी कॉव्हेंट्रीजवळ राहतो. टाटांनी २००८ साली जग्वार लँड रोव्हर घेतल्यापासून या भागात पुण्या-पिंपरीकडची इंजिनिअर मंडळी बरीच आली. माझी टोयोटा एमआर-टू ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी असली की त्यांतला कुणी ना कुणी हटकून विचारतो, "केवढ्याला पडली?" मी आकडा सांगतो, समोरच्याचे डोळे चमकतात. एखाद्या नव्या हॅचबॅकच्या डाउन पेमेंटएवढ्या पैशांत टप उघडणारी, दोन सीटांची गाडी! मग मी दुसरा आकडा सांगतो, घेतल्यापासून तिच्यात घातलेल्या पैशांचा. तो पहिल्याच्या फार मागे नाही. हे ऐकूनही ज्याचं तोंड उतरत नाही, त्याच्यासाठी पुढचं लिहितोय.

परवडणाऱ्या मिड-इंजिन गाड्या मुळात मोजक्याच. १९७२ सालची फियाट एक्स-वन-नाइन दिसायला देखणी, पण तिचा पत्रा गंजाचं माहेरघर. इंग्लंडचीच एमजीएफ १९९५ साली आली. तिच्या रोव्हर के-सीरिज इंजिनाचं हेड गॅस्केट इतकं बदनाम झालं की आता ते बदलल्याची पावती असेल तरच गाडी बघायला जावं. पोर्शे बॉक्स्टर १९९६ची. पहिल्या पिढीतली आता चांगल्या फॅमिली गाडीपेक्षा स्वस्त मिळते आणि मोह तिचाच सगळ्यात मोठा. मलाही झाला होता. बॉक्स्टरच्या मागच्या डिकीत ऑइल आणि कूलंट भरायची तोंडं आहेत, डिपस्टिक आहे, पण इंजिन काही दिसत नाही. त्या न दिसणाऱ्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टचं एक बेअरिंग आहे. सीलबंद बेअरिंग, त्यातलं ग्रीस हळूहळू जातं, आणि ते तुटलं की अख्खं इंजिनच हातचं जातं. साधारण २००० ते २००५च्या गाड्यांत हे बेअरिंग एकाच रांगेतल्या गोळ्यांचं होतं आणि तक्रारी तिथेच जास्त; अमेरिकेत त्यावरून ग्राहकांनी एकत्र येऊन कंपनीवर दावा लावला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. या बेअरिंगपर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून शहाणे मालक क्लच बदलतानाच बेअरिंगही बदलून घेतात. बॉक्स्टरच बघायची असेल तर क्लचचं बिल मागा आणि त्यात या बेअरिंगची नोंद आहे का ते बघा. नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करा. सगळ्याच बॉक्स्टरचं बेअरिंग जात नाही, हेही खरं. पण आपली कोणती हे आधी कळत नाही.

मी वळलो एमआर-टूकडे. नावाचा अर्थच 'मिडशिप रनअबाउट, टू-सीटर'. पहिली पिढी १९८४ची, कोनाकोनांची. दुसरी १९८९ची, तिच्या सुरुवातीच्या गाड्या वळणात अचानक मागून फिरतात म्हणून गाजल्या आणि टोयोटाला पुढे सस्पेन्शन सुधारावं लागलं. तिसरी १९९९ची, माझी. जेमतेम टनभर वजन आणि १.८ लिटरचं १४० हॉर्सपॉवरचं इंजिन. २००३ साली भारतात आलेल्या कोरोलात याच कुळातलं इंजिन होतं, तेव्हा पुण्यातल्या कुणाही टोयोटा मेकॅनिकला ते अनोळखी वाटणार नाही. कोरोलाचंच इंजिन म्हणजे भरवशाचं, असं मीही धरून चाललो होतो. बर्‍याच अंशी ते खरंही आहे.

पण २००२पर्यंतच्या गाड्यांची एक गोम आहे. इंजिन सुरू झाल्या झाल्या धूर स्वच्छ व्हावा म्हणून एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्येच, इंजिनाच्या अगदी तोंडाशी, दोन छोटे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेत. सगळे त्यांना प्री-कॅट म्हणतात. आत चिनीमातीची बारीक जाळी असते. ती कालांतराने तडकते, तिचा भुगा होतो आणि तो बाहेर जायच्या ऐवजी सिलिंडरमध्ये ओढला जातो. सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे पडले की इंजिन ऑइल प्यायला लागतं. त्यातच सुरुवातीच्या पिस्टनना ऑइल परत खाली जायची भोकं अपुरी, म्हणून रिंगा चिकटतात आणि ऑइल आणखी जळतं. जळालेल्या ऑइलने प्री-कॅट आणखी लवकर खराब होतात. असं ते एकमेकांना खात राहतं. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा तुम्हाला वाचवेल या भ्रमात राहू नका. तो ऑइलचा दाब सांगतो, पातळी नाही. तो लागतो तेव्हा इंजिनाला इजा झालेली असते.

बर्मिंगहॅमच्या एका उपनगरात मी पहिली गाडी बघायला गेलो ती २००१ची, चंदेरी, धुऊनपुसून चकचकीत. फोनवर सांगून ठेवलं होतं की इंजिन थंड असू दे. गेलो, इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला तर गरम. "तुम्ही येणार म्हणून जरा फिरवून आणली," विकणारा तरुण म्हणाला. मी डिपस्टिक ओढली, पुसली, परत घालून काढली. टोकाला ऑइलचा जेमतेम ओलावा होता, खालच्या खुणेच्याही खाली. "पितातच हो या गाड्या, त्यात काही नाही," तो हसून म्हणाला. मॅनिफोल्डवर ऑक्सिजन सेन्सर असतात. ते पान्याने काढून भोकातून टॉर्च मारला की प्री-कॅटची जाळी शाबूत आहे की ढासळलीये, हे सरळ दिसतं. "काढू का? अर्ध्या तासाचं काम आहे," मी विचारलं. त्याने नकार दिला. मग पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही. थंड इंजिन सुरू करताना सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का हे बघायचं असतं, आणि तो दिसू नये म्हणूनच तर गाडी 'जरा फिरवून' आणलेली असते. गरम इंजिन दिसलं की मी आता चहाही न घेता निघतो.

ज्या गाड्यांचं मॅनिफोल्डच आधीच्या मालकाने बदललं आहे, प्री-कॅट नसलेलं बसवलं आहे, त्या उलट बऱ्या. मात्र त्याची पावती मागा, बदल कधी केला ते विचारा (इंजिन ऑइल प्यायला लागल्यावर केला असेल तर उपयोग शून्य) आणि इन्शुरन्स घेताना तो बदल सांगा. लपवलात तर ऐन वेळी क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. २००३पासूनच्या गाड्यांत पिस्टन सुधारले, गिअर पाचाचे सहा झाले. पाच-सहाशे पौंड जास्त गेले तरी तीच घ्या, असं मी सांगेन. आणि क्लच पेडल नसलेली, बटणाने गिअर पडणारी एसएमटी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी नको. तिचा हायड्रॉलिक पंप बिघडला की दुरुस्त करणारा शोधताना नाकी नऊ येतात.

माझी गाडी मिळाली श्रॉपशरमध्ये, एका निवृत्त गृहस्थाकडे. २००३ची, काळी. फाइल अशी की बघून मन भरावं: दर वर्षीचं ऑइल, ब्रेक पॅड, अगदी वायपरच्या पावत्याही तारीखवार लावलेल्या. इंजिन थंड, डिपस्टिकवर ऑइल मधासारखं आणि वरच्या खुणेपर्यंत. इथे नव्वद टक्के लोक पैसे काढून देतील.

मी आदल्या रात्री एमओटीचा इतिहास वाचून गेलो होतो. ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरील गाडीची दर वर्षी तपासणी होते आणि नुसता नंबर टाकला की तिचा निकाल, त्या दिवशीचं मायलेज आणि तपासनिसाचे शेरे सरकारी साइटवर फुकट वाचता येतात. बहुतेक लोक पास की नापास एवढंच बघतात. शेरे वाचायला हवेत, तेही ओळीने. या गाडीला सलग काही वर्षं मागच्या सबफ्रेमला गंज असल्याचा शेरा होता. मग एके वर्षी तो गायब. गंज आपोआप जात नाही आणि फाइलमध्ये सबफ्रेमचं बिल नव्हतं.

जवळच्या गॅरेजवाल्याला तीस पौंड देऊन गाडी रॅम्पवर चढवली. खालून सगळं काळंभोर, नुकतंच रंगवल्यासारखं. एमओटीच्या तपासनिसाला काही खोलायची परवानगी नसते. दिसेल ते त्याने बघायचं, फार तर हलकंसं खरवडून किंवा ठोकून. आम्ही मात्र मालकाला विचारून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो. मागची सबफ्रेम म्हणजे पोकळ पत्र्याची चौकट, सस्पेन्शनचे दांडे तिलाच जोडलेले. पाणी आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ तिच्या आत साठतं आणि ती आतून कुजत बाहेर येते. डाव्या बाजूला आवाज टणक येत होता. उजव्या कोपऱ्यात तो एकदम बद्द झाला. मी स्क्रू ड्रायव्हर उलटा करून टोक दाबलं. काळा थर पापुद्र्यासारखा सुटला, टोक सरळ आत गेलं आणि तांबूस भुगा बाहीवर सांडला. ते गृहस्थ खाली वाकून बघत होते. त्यांचा चेहरा खरोखर पडला. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजने 'गंजरोधक' म्हणून तो थर मारून पैसे घेतले होते, आणि आतला गंज त्यांना कुणी दाखवलाच नव्हता. त्यांनी किंमत उतरवली. मी गाडी घेतली आणि पहिल्याच महिन्यात सबफ्रेम बदलून टाकली. माहीत असलेलं दुखणं परवडतं, फक्त ते पैसे द्यायच्या आधी माहीत हवं.

घेतल्यावरही डोळे उघडे ठेवावे लागतात, विशेषतः गाडी कुणाच्या हाती देतो याबद्दल. एका गॅरेजने कूलंट बदलून दिलं. दिसायला साधं काम. पण या गाडीचा रेडिएटर पुढच्या नाकात आणि इंजिन पाठीमागे. मधले लांबलचक पाइप गाडीच्या पोटाखालून जातात. नुसतं वरून कूलंट ओतलं तर त्यात हवा अडकून राहते. ती कशी काढायची ते कंपनीच्या मॅन्युअलमध्ये पायरीपायरीने दिलंय, आणि तेवढा वेळ घालवायची त्या गॅरेजची तयारी नव्हती. मोटारवेवर चढलो, बाहेर कडाक्याची थंडी, हीटर लावलेला. दहा-बारा मैलांवर पायांशी एकदम गार वारा यायला लागला. हीटर बिघडला असं वाटून मी बटणं फिरवत होतो, तेवढ्यात नजर तापमानाच्या काट्याकडे गेली. तो वर चढत होता. गरम हीटर अचानक गार आणि काटा वर, याचा अर्थ कूलंट फिरत नाहीये. तिथेच कडेला घेऊन इंजिन बंद केलं आणि टो-ट्रक मागवला. आणखी पाच मैल रेटली असती तर हेडचं काम निघालं असतं. मिड-इंजिन गाडीवर काम केलेलाच मेकॅनिक शोधा, भले तो चाळीस मैलांवर असो. आणि हा शोध गाडी घ्यायच्या आधी लावा.

आता चालवण्याबद्दल. कावडीच्या दोन टोकांच्या घागरी काढून मध्ये खांद्याजवळ बांधल्या तर ती कशी झर्रकन फिरेल, तसं या गाडीचं आहे. जड इंजिन मधोमध असल्याने ती वळणात विलक्षण चपळ असते. पण त्याच चपळाईने ती घसरतेसुद्धा. ओल्या राउंडअबाउटवर जरा जोरात शिरलात, घाबरून अॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचललात, की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीची शेपूट पुढे यायला बघते. आयुष्यभर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या चालवलेल्या माणसाचा पाय नेमका तेव्हाच उचलला जातो. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, आणि वळणात पाय स्थिर. बंद पडलेल्या विमानतळांच्या धावपट्ट्यांवर अशा गाड्यांचं अर्ध्या दिवसाचं शिक्षण देतात. स्टिरिओ बदलण्याआधी ते घ्या.

त्यातही निम्मं काम टायरचं. हौसेच्या गाड्या कमी फिरतात, त्यामुळे टायरच्या खाचा खोल दिसतात आणि विकणारा अभिमानाने दाखवतो. रबर मात्र वयाने कडक झालेलं असतं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३१२ असेल तर २०१२ सालचा तेविसावा आठवडा. असे टायर ओल्या रस्त्यावर काय पकड देणार! या गाडीचे पुढचे टायर अरुंद, मागचे रुंद. २००३पासूनच्या गाडीत तर पुढे १५ इंची आणि मागे १६ इंची चाकं आहेत. म्हणजे पुढचे-मागचे अदलाबदल करून वेळ मारून न्यायची सोय नाही. चारही टायर एका कंपनीचे, एका वयाचे हवेत. चारांचे चार तऱ्हेचे दिसले तर समजा, मालकाने बाकी सगळीकडेही असाच हात आखडलाय.

टपाचं थोडक्यात सांगतो. कापड कडेला घड्या पडतात तिथे फाटतं, आणि पाणी वाहून जायच्या नळ्या पानांनी तुंबतात. सीट पुढे सरकवून मागच्या कार्पेटवर तळवा दाबून बघा, आणि नाक वापरा. कुबट वास दोन दिवसांच्या उन्हाने जात नाही, इथे मुळात दोन दिवस सलग ऊन पडलं तर.

सामानाचं म्हणाल तर डिकी नाहीच. सीटमागे दोन कप्पे, बॉनेटखाली स्टेपनीभोवती उरलेली फट. लेस्टरहून दहा किलो कणकेची पिशवी आणायची तर ती शेजारच्या सीटवर बसते, पट्टा लावून. नाहीतर गाडी पट्ट्यासाठी कोकलत राहते. "अरे, पण आम्ही आलो की बसायचं कुठं?" हा आईचा पहिला प्रश्न होता आणि त्याला आजही माझ्याकडे उत्तर नाही. घरात दुसरी, चार दारांची गाडी असेल तरच या फंदात पडा. एकुलती एक गाडी म्हणून घेतलीत तर ती गॅरेजात असेल तेव्हा बसने ऑफिसला जाल, आणि मग तिचा राग येईल.

पुण्याहून भाचा दर सुट्टीत विचारतो, "मामा, इकडे पाठवता येईल का?" नाही येणार. भारतात आयात करायची जुनी गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि चालली असती तरी ड्युटी गाडीच्या किमतीहून जास्त भरावी लागली असती. आपल्याकडे इंजिनावर बसून चालवायचा अनुभव मारुती व्हॅनने दिला, पुढच्या सीटखाली इंजिन. मे महिन्यात सातारा गाठेस्तोवर बूड भाजून निघायचं. तिथेही ऑइल बघायला सीट उचलावी लागायची, आणि किती जण उचलायचे ते आपल्याला माहीत आहे.

राहता राहिला व्यवहार. लंडनला जाणं-येणं असेल तर आधी नंबर टाकून यूलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा आकार, लागू होतो का ते तपासा. ऑगस्ट २०२३पासून तो लंडनच्या सगळ्या भागांत आहे आणि न बसणाऱ्या गाडीला दिवसाचे साडेबारा पौंड पडतात. रोड टॅक्सला १ मार्च २००१ ही तारीख महत्त्वाची: त्याआधी नोंदलेल्या गाडीला इंजिनाच्या आकारावर कर लागतो, नंतरच्या गाडीला कार्बन डायऑक्साइडवर. गाडीवर कर्ज बाकी नाही ना, हे पंधरा-वीस पौंडांत कळतं, तिथे कंजुषी नको. व्ही-५-सी लॉगबुकवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा, पत्ता आणि तुम्ही ज्या दारात उभे आहात तो पत्ता एकच आहे ना, ते बघा. पार्किंगमध्ये भेटू म्हणणाऱ्याला नमस्कार करा. आणि हाताशी गाडीच्या किमतीइतकी नाही तरी निम्मी रक्कम वेगळी असल्याशिवाय पैसे देऊ नका.

जुन्या मालकाचा टॅक्स तुमच्या नावावर येत नाही. लॉगबुकचा हिरवा तुकडा ताब्यात घ्या, त्यावरचा बारा आकडी नंबर टाकून तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवर टॅक्स भरा. इन्शुरन्स त्याच्याही आधी. मग वाटेत एक लिटर ऑइल घ्या, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं, आणि शेजारच्या सीटच्या पायाशी ठेवून द्या. पेट्रोल भरायला थांबाल तेव्हा आधी गाडी सपाट जागी लावून पाच मिनिटं थांबा आणि डिपस्टिक काढा. मागच्या रांगेतला हॉर्न वाजवेल. वाजवू दे.